पासवर्ड बिल्डरकडे, बिल सोसायटीकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या घरांच्या जाहिरातींच्या पुरवणीत मध्यंतरी 'स्मार्ट होम'वर पानभर मजकूर आला होता. मोबाईलवरून पडदा सरकतो, नुसतं बोललं की दिवा लागतो, ऑफिसमधून निघतानाच घरचा एसी सुरू करता येतो वगैरे, आणि शेवटी एक वाक्य की या सगळ्यामुळे इमारत पर्यावरणपूरक होते. पडदा सरकवून कुठली वीज वाचते ते काय कळलं नाही बुवा. नऊ वॅटचा एलईडी बल्ब मोबाईलवरून बंद केला काय आणि बटणावरून बंद केला काय, वाचणार तेवढंच, उलट वायफायवाला बल्ब बंद असतानाही आत थोडी वीज खात बसतो कारण त्याला तुमच्या मोबाईलची वाट बघायची असते. त्यापेक्षा जुना ७५ वॅटचा पंखा काढून तीसेक वॅटचा बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावा, त्याला ना इंटरनेट लागतं ना अ‍ॅप, रोज बारा तास चालला तर दिवसाला अर्धा युनिट आपोआप कमी होतो. एसीचं पण तसंच, २४ वर ठेवा, एकेक डिग्री वर गेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे यंत्रांना स्टार देणारी केंद्राची संस्थाच सांगते, आणि २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरू होतानाच २४ वर सुरू होतात. ते आपण रिमोट घेऊन १८ वर आणतो हा भाग वेगळा.

पण म्हणून सेन्सर, मीटर, इंटरनेटला जोडलेली यंत्रं हे सगळं थोतांड आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, नोकरी सगळी कंपनीत मेन्टेनन्सला गेली, त्यामुळे ही यंत्रं काय करू शकतात ते मला माहितीये. फक्त ती हॉलमध्ये नको, पंप रूममध्ये पाहिजेत. बेसमेंटमध्ये, एसटीपीत म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटमध्ये, गच्चीवर. जिथे सॅम्पल फ्लॅट बघायला आलेलं कुणीच जात नाही तिथे.

पाण्याचंच घ्या. आमच्याकडे नोव्हेंबर २०१९ पासून पालिकेचं पाणी दिवसाआड येतं, बाकी टँकर, आणि उन्हाळ्यात टँकरवाला म्हणेल तो भाव. दहा हजार लिटरचा एक टँकर खालच्या टाकीत रिकामा झाला की ते पाणी बाराव्या मजल्याच्या वर चढवायचं, चाळीस मीटर धरा, हिशोबाने एक युनिट पुरेल पण पंप जुना, पाईप गंजलेला, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-अडीच युनिट जातात. म्हणजे वाया गेलेलं पाणी हे नुसतं पाणी नसतं, त्यात डिझेल असतं, वीज असते आणि मेन्टेनन्सचे पैसे असतात. आणि ते वाया कुठे जातं हे कुणाला माहितीच नसतं कारण सोसायटीत मोजमाप काय, तर आज किती टँकर आले ते वॉचमनच्या वहीत लिहिलेलं, बस.

आम्ही प्रत्येक विंगच्या मेन लाईनवर पल्स आउटपुटवाले, म्हणजे रीडिंग आपोआप पाठवणारे वॉटर मीटर बसवले आणि टाक्यांना लेव्हल सेन्सर. भपकेबाज काहीच नाही. पण पहिल्याच आठवड्यात रात्री दोन ते चारचा आलेख बघितला आणि डोळे उघडले. त्या वेळी अख्खी बिल्डिंग झोपलेली असते, रेघ जमिनीला टेकायला पाहिजे. एका विंगची टेकतच नव्हती, मिनिटाला दहा लिटरवर अडकून बसलेली. दहा लिटर म्हणजे काही वाटत नाही, पण तासाला सहाशे आणि दिवसाला चौदा हजार चारशे लिटर होतात, जवळजवळ दीड टँकर रोज! प्लंबरला घेऊन शोधलं तर दोन-चार फ्लॅटचे फ्लश टँक आतल्या आत गळत होते, आणि मुख्य म्हणजे गच्चीवरच्या सोलर हीटरच्या थंड पाण्याच्या टाकीचा बॉल कॉक अडकलेला होता आणि त्याचा ओव्हरफ्लो थेट पावसाच्या पाण्याच्या पाईपात जोडलेला. म्हणून गच्ची कोरडी, भिंत कोरडी, तक्रार कुणाचीच नाही आणि पाणी रात्रंदिवस गटारात. बॉल कॉक बदलायला अर्धा तास लागला. मीटर नसता तर तो अजून तसाच वाहत असता आणि आम्ही मीटिंगमध्ये कुणाकडे गाड्या धुतात यावर भांडत बसलो असतो.

मग पुढचा प्रश्न येतोच की फ्लॅटवार मीटर का नाही बसवत. बसवायला पाहिजेत, पण बोलणं सोपं आहे. आपल्याकडच्या टॉवरमध्ये एका फ्लॅटला एकच पाण्याची लाईन येत नाही, प्रत्येक बाथरूमच्या डक्टमधून वेगळी लाईन उतरते, किचनची वेगळी, त्यामुळे एका टू बीएचकेला तीन-चार मीटर लागतात आणि तेही डक्टमध्ये, जिथे रीडिंग घ्यायला माणूस जाऊ शकत नाही, म्हणून वायरलेसच पाहिजे. खर्च चौपट. बरं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि साईजवर वाटायची अशी तरतूद आहे, म्हणजे दोन म्हातारी माणसं राहतात त्या घराला आणि सहा जणांच्या घराला नळ सारखे तर पैसे सारखे. यात पाणी वाचवायला कोण जाईल? बिल्डरने बांधतानाच फ्लॅटला एक लाईन आणि एक मीटरची जागा ठेवली असती तर सगळं सोपं झालं असतं. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि घरोघर मीटर हे कितीतरी वर्षांपूर्वी करून दाखवलंय, त्यामुळे आपल्या भागात जमणार नाही ही सबब तर चालणारच नाही. हां, एक मात्र आहे, फ्लॅटचं रीडिंग कमिटीतल्या कुणालाही उघडं दिसता कामा नये. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत कमिटी मेंबरने लिफ्टमध्ये विचारलं म्हणे, काय वहिनी, पाहुणे आलेत वाटतं, पाणी डबल झालंय. घरात माणसं आहेत का कुलूप आहे हे पाण्याच्या रेघेवरून कळतं, ती माहिती ज्याची त्यालाच दिसली पाहिजे.

बेसमेंटची गोष्ट याहून मजेशीर आहे. दोन मजली पार्किंगला हवा खेळती ठेवायला मोठे पंखे असतात, गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड बाहेर काढायला. समजा साडेपाच किलोवॅटचे चार पंखे आहेत आणि दिवसभर चालू आहेत, तर दिवसाला पाचशेच्या वर युनिट. हे बिल बघून बहुतेक सोसायट्या काय करतात, पंखे बंदच करून टाकतात. मग खाली वास मारतो, गाडी पुसणारी मुलं त्याच हवेत तासन्‌तास काम करतात, आणि कमिटी खूश की बिल कमी आलं. यावर उपाय साधा आहे, कार्बन मोनॉक्साईडचे सेन्सर लावायचे आणि पंखे त्यांच्यावर सोडायचे, सकाळी ऑफिसच्या वेळी आणि संध्याकाळी गाड्या येताना पंखे चालतील, एरवी थांबतील. पंख्याला व्हीएफडी म्हणजे मोटरचा स्पीड कमीजास्त करणारं यंत्र असेल तर अजून चांगलं कारण स्पीड २० टक्के कमी केला की वीज जवळजवळ निम्मी होते, पंख्याचं आणि सेंट्रिफ्युगल पंपाचं गणितच तसं आहे. फक्त फायर पॅनेलकडून येणारी जोडणी कुणी हुशारी करून तोडू नये, आग लागली की धूर काढायला तेच पंखे लागतात.

आता माझा मूळ मुद्दा. हे सेन्सर, व्हीएफडी, पॅनेल, कंट्रोलर आमच्या बिल्डिंगमध्ये बांधतानाच होते! ब्रोशरमध्ये 'इंटेलिजंट बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम' म्हणून छापलं होतं, आणि ग्रीन बिल्डिंगच्या रेटिंगची पाटी गेटवर आजही आहे. तळमजल्यावरच्या एका खोलीत कॉम्प्युटर होता, त्यावर धूळ, आणि स्क्रीनवर पासवर्ड मागणारी खिडकी. पासवर्ड कुणालाच माहिती नाही. बिल्डरच्या साईट ऑफिसला फोन केला तर म्हणे व्हेंडरला विचारा, व्हेंडर म्हणे आमचा करार बिल्डरशी होता तो संपला, तुम्ही नवीन वार्षिक करार करा मग लॉगिन देतो. म्हणजे यंत्र आमच्या पैशाने घेतलेलं, आमच्या बिल्डिंगमध्ये, त्याचा डेटा कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर, आणि बघायचा तर दरवर्षी पैसे भरा. बेसमेंटच्या सेन्सरांना तर सिग्नलच नव्हता, कारण गेटवेमधल्या सिमचा रिचार्ज ताबा दिल्यावर कुणी केलाच नव्हता. वायरिंगचे ड्रॉइंग मागितले तर पालिकेने मंजूर केलेल्या बांधकाम नकाशाची झेरॉक्स आली.

आणि हे आमच्याच नशिबी आलंय असं नाही. शेजारच्या सोसायटीत गच्चीवर वीस किलोवॅटचं सोलर आहे. आपल्याकडे किलोवॅटला दिवसाला चार युनिट हा ढोबळ हिशोब, म्हणजे ऐंशी युनिट पाहिजेत. त्यांच्या इन्व्हर्टरचा वायफाय डोंगल आधीच्या सेक्रेटरींच्या घरच्या राउटरला जोडलेला, अ‍ॅपचं लॉगिन त्यांच्याच मोबाईल नंबरवर, आणि ते फ्लॅट विकून मुलीकडे गेले. पॅनेलच्या दोन ओळींतली एक कनेक्टर जळून बंद पडली आणि ते कळलं कधी, तर कॉमन मीटरचं बिल का वाढतंय म्हणून एजीएममध्ये आरडाओरडा झाला तेव्हा. तोवर रोजचे चाळीस युनिट सूर्याने दिले आणि आपण घेतले नाहीत. सरकार 'पीएम सूर्यघर'मध्ये सोसायट्यांच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला अठरा हजार अनुदान देतंय, चांगलंच आहे, पण पॅनेल बसल्यावर ते चालतंय का हे बघणार कोण, याचा विचार कुठेच नाही.

बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलंय की स्थानिक कायद्यात वेगळं काही नसेल तर पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रवर्तकाने म्हणजे बिल्डरने आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे संस्थेच्या हवाली करायचे. माझं म्हणणं एवढंच आहे की या 'आवश्यक कागदपत्रां'मध्ये बिल्डिंगमधल्या प्रत्येक जोडलेल्या यंत्राचं अ‍ॅडमिन लॉगिन, वायरिंगचे ड्रॉइंग, कंट्रोलरमधल्या प्रोग्रॅमची कॉपी, सिम कोणाच्या नावावर आहे आणि डेटा कुठे साठतोय ही सगळी माहिती धरली पाहिजे, आणि राज्यात हा कायदा राबवणाऱ्या महारेराने हे परिपत्रक काढून सांगितलं पाहिजे, नाहीतर बिल्डर म्हणणार कायद्यात पासवर्ड हा शब्द दाखवा. कलम १४ मध्ये बांधकामातल्या आणि सेवांमधल्या दोषांना पाच वर्षं जबाबदारी आहे, तर मग बंद पडलेली मॅनेजमेंट सिस्टीम हा सेवेतला दोष का नाही? गिलावा पडला तर भांडता येतं, सेन्सर मेला तर कुणाला कळतही नाही. आणि यंत्रं घेतानाच मॉडबस, बॅकनेट असल्या सगळ्यांना खुल्या पद्धतीने बोलणारी घ्यायची, म्हणजे उद्या व्हेंडर बदलला तर सगळं उपटून टाकावं लागत नाही.

सर्व्हर दुसऱ्याच्या हातात असला की काय होतं याचं उदाहरण अमेरिकेत होऊन गेलंय. रिव्हॉल्व्ह नावाचा घरातली यंत्रं चालवणारा हब होता, तीनशे डॉलरचा, ती कंपनी गूगलच्या नेस्ट कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला, लोकांच्या घरातला डबा एका दिवसात दगड झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिनलंडच्या लापेनरांता गावात दोन इमारतींचं हीटिंग सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून सायबर हल्ला झाला, सिस्टीम पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली आणि ऐन थंडीत हीटिंग बंद. आपल्याकडे थंडीने कुणी गारठणार नाही, पण पंपाचा कंट्रोलर असाच अडकला आणि हाताने चालू करायची सोय नसली तर दोनशे घरं सकाळी बिनपाण्याची. म्हणून आमच्या पॅनेलवर ऑटो-मॅन्युअलचा साधा सिलेक्टर स्विच आहे आणि इंटरनेट गेलं तरी टाकीचा सेन्सर पंपाला थेट सांगतो, मधे क्लाउड-बिऊड नाही. राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदलला. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

परदेशातल्या इमारतींची उदाहरणं पुरवणीत आवडीने देतात म्हणून तेही बोलतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये 'द एज' नावाची ऑफिसची इमारत आहे, अठ्ठावीस हजारांच्या आसपास सेन्सर, ब्रीअम या रेटिंगमध्ये ९८ टक्क्यांच्या वर गुण, पावसाचं पाणी फ्लशला, उन्हाळ्यातली उष्णता जमिनीखालच्या पाण्यात साठवून हिवाळ्यात वापरायची, सगळं भारी आहे यात वाद नाही. पण तिथे सिस्टीम बघायला पगारी टीम आहे. आमच्याकडे दोनशे मालक आणि बघणारे कोण, तर नोकरी सांभाळून फुकट काम करणारी कमिटी आणि पंप रूममधला एक मामा. त्यामुळे अठ्ठावीस हजार सेन्सरांचं आम्ही काय करणार, आम्हाला वीस पुरेत पण ते कुणीतरी बघितले पाहिजेत. सुरुवातीला आमच्या सिस्टीमचे सगळे मेसेज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायचे, टाकी ७० टक्के, टाकी ६० टक्के, पंप सुरू, पंप बंद, दोन दिवसांत सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. मग ठरवलं की मेसेज दोनच, टाकी भरूनही पंप चालू राहिला तर आणि खालची टाकी रिकामी असताना पंप कोरडा चालला तर, आणि तेही फक्त मामांना आणि मला. मामांना आधी भीती होती की हे मशीन आलं म्हणजे आपली नोकरी गेली. आता तेच सांगतात, साहेब, तीन नंबर पंपाचं करंट वाढलंय, बेअरिंग गेलं बघा. तीस वर्षं कानाने ओळखायचे, आता आकड्यात बघून आधीच सांगतात.

विजेच्या स्मार्ट मीटरवरून राज्यात जे रामायण झालं त्याबद्दलही दोन शब्द. लोकांचा राग खोटा नाही, मीटर बदलला आणि बिल वाढलं असं वाटलं की माणूस चिडणारच, विश्वास असा सक्तीने बसवता येत नाही. पण शंका असेल तर तक्रार करा, २०२४ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे वीज कंपनीने पाच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने रीडिंग ताडून बघायचं आहे, हे फार कमी लोकांना माहितीये. आणि हा मीटर आपल्या कामाचा आहे कारण दिवसातल्या कुठल्या वेळी किती वीज गेली ते त्यात दिसतं, आणि टीओडी म्हणजे वेळेनुसार वापर मोजणाऱ्या मीटरवाल्या घरगुती ग्राहकांसाठी दिवसाच्या ९ ते ५ च्या वापरावर सवलतीची योजना जुलै २०२५ पासून आली. आमचा पंप आधी रात्री नाहीतर पहाटे चालायचा, का, तर पहिल्यापासून तसंच चालत आलंय. आता दुपारी गच्चीवरचं सोलर जोरात असतं तेव्हा सगळ्या ओव्हरहेड टाक्या भरून घेतो. ओव्हरहेड टाकी म्हणजे सोसायटीची बॅटरीच आहे, वेगळी विकत घ्यायची गरज नाही, फक्त ती कधी चार्ज करायची ते टायमरला नीट सांगायचं.

अजून एक आठवलं. वायरलेस सेन्सरांच्या बॅटऱ्या काही वर्षांनी संपतात आणि मग ते कचऱ्यात जातात, तेव्हा गरज नसताना दहा ठिकाणी चिकटवू नयेत. नळाला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी, बसवणं हे कुठल्याही सेन्सरपेक्षा स्वस्त आहे, बेंगळुरूने २०२४ च्या टंचाईत व्यापारी इमारतींना ते सक्तीचं केलं होतं, आपल्या पालिकांनी टंचाईची वाट का बघावी?

संपादक महोदय, आपल्या पुरवणीच्या वार्ताहरांना एक विनंती. यापुढे स्मार्ट प्रोजेक्टवर लिहायचं असेल तर सॅम्पल फ्लॅट बघून झाल्यावर बिल्डरला सांगा की याच ग्रुपने पाच वर्षांपूर्वी ताबा दिलेली एखादी बिल्डिंग दाखवा, आणि तिथल्या पंप रूममध्ये जाऊन विचारा, सिस्टीम चालू आहे का, लॉगिन कोणाकडे आहे, मागच्या महिन्याचं रात्रीचं पाणी किती. काय उत्तर मिळतं ते जसंच्या तसं छापा. आणि महारेराच्या अधिकाऱ्यांना हस्तांतराच्या यादीबद्दल विचारून त्यांचं म्हणणं आपल्या पानावर आलं तर माझ्यासारखे शेकडो सेक्रेटरी ते कात्रण घेऊन बिल्डरच्या ऑफिसात जातील, मी तर पहिला.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एका सोसायटीचा सेक्रेटरी, पिंपरी-चिंचवड